हृदयाला जोडलेला पंप (एलव्हॅड): संशोधनाचे आकडे वाचायचे कसे?

उत्तररात्र (धागाकर्ता)

हार्ट फेल्युअरच्या जुन्या धाग्यावर एलव्हॅडचा विषय निघाला आणि तिथे दोन ठाम मतं वाचली. 'आता कृत्रिम हृदय आलंय, प्रत्यारोपणाची वाट बघायची गरजच नाही' हे एक. 'यंत्र बसवून नुसतं मरण लांबवतात' हे दुसरं. आकडे दोघांनीही दिले नव्हते, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा आकड्यांवर बोलेन, कुणाला सल्ला देणार नाही.

आधी यंत्र काय ते. एलव्हॅड बसवताना हृदय काढत नाहीत. डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) टोकाला भोक पाडून तिथे पंप बसवतात. तो जवनिकेतलं रक्त ओढतो आणि एका कृत्रिम नळीतून थेट महाधमनीत सोडतो. पंपाची वायर पोटाच्या त्वचेतून बाहेर येते, तिला ड्राइव्हलाइन म्हणतात. ती कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते आणि कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. बस्स. हृदय आपल्या जागी असतं, जमेल तेवढं आकुंचन पावत असतं.

माझं म्हणणं असं की रक्त ढकलणं हा यातला अवघड भाग नव्हताच. डोमिंगो लिओटा आणि मायकेल डिबेकी यांच्या ह्यूस्टनच्या गटाने १९६३ साली पहिला पंप माणसाला बसवला. १९६६ मध्ये डिबेकींनी शस्त्रक्रियेनंतर एका बाईंना सुमारे दहा दिवस पंपावर ठेवलं, त्यांचं हृदय सावरल्यावर पंप काढला आणि त्या बऱ्या झाल्या. म्हणजे पंप चालतो हे तेव्हाच कळलं होतं. त्यानंतरची सगळी वर्षं गेली ती रक्ताचं आणि यंत्राचं जमवून देण्यात.

आता चाचण्या. पहिली मोठी रीमॅच, निष्कर्ष २००१ मध्ये आले. प्रत्यारोपण शक्य नसलेले १२९ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना पंप, निम्म्यांना औषधं. वर्षभराने पंपगटातले ५२ टक्के जिवंत होते, औषधगटातले २५ टक्के. दोन वर्षांनी २३ आणि ८. पहिली जोडी वाचून टाळ्या वाजवाव्यात आणि दुसरी वाचून गप्प बसावं, असे हे आकडे आहेत. पंप मोठा होता, पोटात बसवायचा, पडदा पुढेमागे ढकलून धडधड करत रक्त फेकणारा. तो झिजायचा, जंतुसंसर्ग व्हायचा.

२००९ मध्ये हार्टमेट २ ची चाचणी आली. यात धडधड नाही, सतत फिरणारा छोटा स्क्रू. २०० रुग्ण. दोन वर्षांनी जिवंत असलेले: नव्या पंपावर ५८ टक्के, जुन्या धडधडणाऱ्या पंपावर २४. जुना पंप बाजारातून उठला तो उठलाच.

मग २०१४ मध्ये तीन मोठ्या केंद्रांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि घोळ बाहेर आला. बसवल्यापासून तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचं प्रमाण आधी २.२ टक्के होतं, ते २०११ नंतर चढत २०१३ च्या सुरुवातीपर्यंत ८.४ वर गेलं होतं. हार्टमेट ३ आला तो या पार्श्वभूमीवर. त्याची मोमेंटम ३ नावाची चाचणी १,०२८ रुग्णांवर झाली, अंतिम निष्कर्ष २०१९ चे. दोन वर्षांचा यशाचा आकडा नव्या पंपाला ७६.९ टक्के, हार्टमेट २ ला ६४.८.

हा ७६.९ सगळीकडे फिरतो. तो नीट वाचायला हवा, पण लोकांना वाट बघू दे, प्रतिसादांत लिहितो.

---

सदाफुली

वाचनखूण साठवली. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, पंपवाले रुग्ण सांभाळले आहेत, म्हणून प्रत्यक्षातलं थोडं लिहिते.

नवीन मुलींना पहिला धक्का बसतो तो मनगटावर बोटं ठेवल्यावर. नाडी लागत नाही. समोर माणूस उशीला टेकून गप्पा मारतोय आणि नाडी नाही! पंप सतत रक्त ढकलतो, त्यामुळे लाट उठत नाही किंवा अगदीच मंद उठते. रक्तदाबाचं आपोआप फुगणारं यंत्र लावलं की बऱ्याचदा तेही नुसत्या रेघा दाखवतं. मग दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या घडीत जेल लावून डॉप्लरचा (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) प्रोब धरायचा, सळसळ ऐकू येते. पट्टा फुगवला की आवाज थांबतो. हळूहळू हवा सोडायची आणि सळसळ जिथे परत येते तो आकडा लिहायचा. वरचा-खालचा असे दोन आकडे नाहीत, एकच. साधारण ७० ते ९० च्या आत ठेवायचा असतो. तो चढला तर पंपाचा प्रवाह पडतो आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर लब-डब मागे पडतं आणि बारीक अखंड गुणगुण ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर पळायचं.

नातेवाइकांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावतो: दोन्ही बॅटऱ्या एकदम काढायच्या नाहीत. एक काढा, चार्ज केलेली लावा, मगच दुसरीला हात.

---

शंकेखोर

@उत्तररात्र, वाट कसली बघायला लावता. ७६.९ टक्के म्हणजे तेवढे जगले, असंच ना? मग प्रत्यारोपणाच्या जवळ गेलोच की.

---

उत्तररात्र

नाही, आणि म्हणूनच तो आकडा तेव्हा मुद्दाम अर्धवट सोडला होता. ७६.९ हा एकत्रित निकष आहे. दोन वर्षं जगला, आणि अपंग करणारा पक्षाघात झाला नाही, आणि पंप बिघडल्यामुळे तो बदलायला किंवा काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही. या तिन्ही गोष्टी जमलेले ते ७६.९. यातला एकही तुकडा घसरला की रुग्ण 'अपयश' खात्यात जातो.

आता दोन पंपांतला फरक कुठल्या तुकड्यातून आला ते बघा. मुख्यतः शेवटच्या. पंप बदलावा लागला तो नव्यात २.३ टक्के रुग्णांना, जुन्यात ११.३ टक्क्यांना. निव्वळ जगण्यामरण्यात दोन वर्षांपाशी ठोस म्हणावा असा फरक नव्हता. चाचणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. छाती पुन्हा उघडावी लागणं ही लहान गोष्ट नव्हे. पण बातमीत 'नव्या पंपाने जीव वाचतात' आणि शोधनिबंधात 'नव्या पंपाने फेरशस्त्रक्रिया वाचतात', यात अंतर आहे.

गंमत पुढे आहे. त्याच रुग्णांचा पाच वर्षांपर्यंत माग काढला, तो अहवाल २०२२ मध्ये आला. तिथे जगण्यातला फरक दिसायला लागला: ५८.४ टक्के विरुद्ध ४३.७. म्हणजे गुठळ्या, पक्षाघात, फेरशस्त्रक्रिया यांचा हिशेब उशिरा चुकता झाला. दोन वर्षांवर थांबलेली चाचणी तेवढं दाखवू शकत नव्हती. एक पुरवणी: दोन वर्षांनंतरचा भाग हा निरीक्षणात्मक पाठपुरावा आहे, काही रुग्णांनी त्यासाठी संमती दिली नव्हती, त्यामुळे मूळ चाचणीइतका तो घट्ट नाही.

---

चक्रपाणी

यंत्राच्या बाजूने लिहितो, पंपांच्या प्रवाहगणितात आयुष्य गेलंय (माझे पंप रक्ताचे नव्हेत, पाण्याचे. पाणी तक्रार करत नाही).

फिरत्या पंपाची कल्पना डॉक्टर रिचर्ड वॅम्प्लर यांना इजिप्तमधल्या एका खेड्यात सुचली, तिथे लोक आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी उपसत होते. त्यातून हेमोपंप झाला आणि १९८८ मध्ये तो पहिल्यांदा रुग्णात वापरला. तेव्हा जाणकारांचं मत होतं की एवढ्या वेगाने फिरणारं पातं तांबड्या पेशींचा चुरा करेल. तसं झालं नाही, कारण पेशी त्या पट्ट्यातून क्षणार्धात निघून जाते. किती ताण बसतो आणि किती वेळ बसतो, या दोन्हींवर पेशी फुटणं ठरतं.

डिबेकींचा पुढचा एक पंप तर नासाच्या अभियंत्यांबरोबर झाला. डेव्हिड सॉसिअर हे नासाचे अभियंते, १९८४ मध्ये डिबेकींकडे त्यांचं हृदयप्रत्यारोपण झालं होतं, तिथून ओळख. स्पेस शटलच्या इंजिनातल्या इंधनप्रवाहासाठी जे गणित वापरत होते तेच रक्ताच्या पंपाला लावलं आणि रक्त कुठे साकळतंय, कुठे घासतंय ते शोधलं.

हार्टमेट २ मध्ये फिरणारा भाग दोन्ही टोकांना कृत्रिम माणकाच्या बेअरिंगवर टेकलेला असतो आणि वंगण म्हणजे वाहतं रक्तच. बेअरिंग आलं की घर्षण, उष्णता आणि आडोसा आला. गुठळी तिथेच धरते. हार्टमेट ३ मध्ये रोटर चुंबकाने पूर्ण अधांतरी ठेवला आहे, कशालाही टेकत नाही, आणि भोवतालच्या फटी अर्धा ते एक मिलिमीटरच्या. तांबडी पेशी एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, तेव्हा तिच्या मानाने तो हमरस्ताच. शिवाय दर दोन सेकंदांनी वेग मुद्दाम खाली-वर करतात, म्हणजे कोपऱ्यात रक्त साचून राहत नाही. याला 'कृत्रिम नाडी' म्हणतात खरं, पण सदाफुलीताईंच्या बोटांना ती लागेल असं नाही.

---

सदाफुली

नाही लागत!

---

गोदाकाठचा_मुकुंद

वाचतोय. चक्रपाणीकाका, लिहित राहा.

---

मितभाषी

माझ्या सासऱ्यांना पंप बसवलेला आहे. गुठळीबद्दल इथे बरंच आलं, पण आम्हाला त्रास झाला तो उलटा. आतड्यातून रक्तस्राव. दोनदा रक्त चढवावं लागलं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे होतं असं सांगितलं. मग गोळ्या कमी का करत नाहीत, हा आमचा भाबडा प्रश्न.

---

नाडीपरीक्षा

हृदयरोगतज्ज्ञ आहे, नाव देत नाही. मितभाषी, प्रश्न भाबडा नाही. त्यावरच अलीकडची सर्वांत कामाची चाचणी झाली आहे.

आधी कारण. रक्तात व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं एक लांबलचक प्रथिन असतं. जखम झाली की प्लेटलेट्सना धरून ठेवण्याचं काम त्याचं, आणि ते जितकं लांब तितकं उपयोगी. पंपाच्या जोरदार प्रवाहात ही गुंडाळी उलगडते, आणि उलगडली की रक्तातलंच एक विकर तिचे तुकडे करतं. म्हणजे गोळी न घेताही या रुग्णांचा रक्तस्रावाकडे कल असतो. जोडीला आतड्याच्या अस्तरात नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या तयार होतात. त्यांतून गळती सुरू होते. वर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी. वर अॅस्पिरिन.

अॅस्पिरिन द्यायचं हे वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं होतं, कारण जुन्या पंपांना ते लागत होतं. एरीस नावाच्या चाचणीत ६२८ रुग्णांना हार्टमेट ३ बसवल्यावर वॉरफरिनच्या जातीचं औषध सगळ्यांना दिलं आणि अॅस्पिरिन फक्त निम्म्यांना. बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अॅस्पिरिन न घेणाऱ्यांत गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात रुग्णाला सर्वांत स्वस्तात मिळालेला फायदा हा. नवीन काही बसवलं नाही, एक गोळी काढली.

पण हे हार्टमेट ३ पुरतंच. इतर पंपांना लागू करू नका, आणि स्टेंट वगैरे कारणांनी ज्यांना अॅस्पिरिन लागतंच ते रुग्ण यात नव्हते. सासऱ्यांच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

---

मितभाषी

धन्यवाद डॉक. पुढच्या भेटीत विचारतो. दुसरं म्हणजे वायरीची जागा. ड्रेसिंग सासूबाईच करतात: मास्क, निर्जंतुक हातमोजे, वायर हलू नये म्हणून पोटाला चिकटपट्टीने बांधलेली. एकदा वायर दाराच्या कडीत अडकून ओढली गेली, तिथून जी लाली आली ती जाता जाईना. एवढं सगळं शोधलं, मग ती वायर का नाही काढून टाकत?

---

चक्रपाणी

प्रयत्न जुने आहेत. २००१ मध्ये अॅबिओकोर हे संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं, त्याला त्वचेतून विनातार वीज जायची. एक वेटोळं आत, एक बाहेर. अडचण अशी की दोन वेटोळी जरा इकडेतिकडे सरकली की वीज कमी पोचते आणि ऊतक तापतं. शिवाय वायर नाही म्हणजे बॅटरी आणि कंट्रोलर दोन्ही शरीरात आले, आणि बॅटरी म्हातारी झाली की पुन्हा शस्त्रक्रिया. अलीकडे छातीत मोठं कडं बसवून बाहेर पट्टा बांधायचा, अशी रचना कझाकस्तानात दोन रुग्णांवर करून पाहिली. काही तास पूर्ण मोकळं फिरता आलं, वायर मात्र सोबतीला ठेवलेली होती.

मधला मार्ग पीटर हॉटन यांचा. ऑक्सफर्डमध्ये २००० साली त्यांना जार्विक २००० पंप बसवला, त्याचं वीजजोडणीचं टोक पोटातून न काढता कानामागे कवटीला स्क्रूने पक्कं केलं. तिथली त्वचा जाड नाही, हलत नाही, म्हणून जंतुसंसर्ग कमी. ते सात वर्षं जगले.

---

शंकेखोर

बंद पडला तर काय? मला हेच सर्वांत भीतिदायक वाटतं.

---

नाडीपरीक्षा

हृदय स्वतः किती काम करतंय त्यावर आहे. काही जण तग धरतात, काही मिनिटांत कोसळतात, कारण बंद पंपातून रक्त उलटं जवनिकेत येऊ शकतं. एचव्हॅड या पंपाची कथा यासाठी वाचावी. लहान, सुबक, थेट हृदयाच्या वेष्टनात मावणारा, बसवणाऱ्यांचा लाडका. चाचणीत पक्षाघाताचं प्रमाण २९.७ टक्के निघालं, तुलनेतल्या पंपात १२.१. शिवाय काही पंप थांबल्यावर पुन्हा सुरू होईनात. जून २०२१ मध्ये कंपनीने विक्रीच थांबवली. पण आधी बसवलेले पंप काढायचे नाहीत, असा सल्ला दिला गेला, कारण चालू पंप काढण्याचा धोका ठेवण्याहून जास्त. त्या रुग्णांनी ती बातमी कशी पचवली असेल, हे मला आजही कळत नाही.

हार्टमेट ३ सुद्धा सोवळा नाही. त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीभोवती वर्षं गेल्यावर साका साठतो आणि नळी बाहेरून दाबली जाते, याची सूचना २०२४ मध्ये निघाली.

---

अनाहूत_पाहुणा

माझ्या माहितीत एकाला हार्ट अटॅकनंतर मांडीतून पंप घातला होता, पाच दिवसांत काढला. तोही एलव्हॅडच का? मग शस्त्रक्रियेची एवढी चर्चा कशाला?

---

नाडीपरीक्षा

तत्त्व तेच, काम वेगळं. तो इम्पेला असावा, हेमोपंपाचाच वंशज. धमनीतून जवनिकेत सरकवतात, काही दिवस हृदयाचा भार उचलतात. बरीच वर्षं तो पुराव्याविना वापरला जात होता, त्यावर वादही झाले. २०२४ मध्ये डेंजर शॉक चाचणी आली: मोठ्या हार्ट अटॅकमुळे शॉकमध्ये गेलेले (म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त पुरेनासं झालेले) ३५५ रुग्ण. १८० दिवसांत मृत्यू पंपगटात ४५.८ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५८.५. मोठा फायदा. पण गंभीर रक्तस्राव जवळपास दुप्पट आणि डायलिसिसही जास्त लागलं. आणि हृदय थांबून नंतर बेशुद्धच राहिलेले रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते. प्रत्यक्षात शॉकचा प्रत्येक रुग्ण या चौकटीत बसत नाही.

---

गोदाकाठचा_मुकुंद

१९६६ च्या बाईंचं हृदय सावरलं असं वर आहे. मग आजही पंप बसवून हृदयाला विश्रांती दिली तर ते बरं होऊन पंप काढता येत नाही का? मला हा प्रश्न कुणीच विचारला नाही याचं नवल वाटतंय.

---

उत्तररात्र

मुकुंदराव, छान आठवण केलीत. इंग्लंडमधल्या हेअरफिल्डच्या गटाने (एमा बर्क्स, मॅग्डी याकूब) २००६ मध्ये हेच दाखवलं. पंप अधिक औषधांचे चढे डोस, पंधरापैकी अकरा जणांचं हृदय इतकं सुधारलं की पंप काढता आला. रुग्ण निवडक होते, नियंत्रण गट नव्हता, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मग अमेरिकेत सहा केंद्रांनी ४० रुग्णांवर ठरलेल्या पद्धतीने प्रयोग केला. ४० टक्क्यांचा पंप दीड वर्षाच्या आत निघाला आणि त्यानंतरही हृदय टिकलं. पण पंप बसवलेल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदवहीत पंप निघणाऱ्यांचं प्रमाण काही टक्क्यांच्या पुढे जात नाही.

या दरीचं एक कारण निवड हे आहेच: तरुण, आजार अलीकडचा, हार्ट अटॅकमुळे नव्हे तर स्नायूच्या विकारामुळे हृदय फुगलेलं. दुसरं कारण मला जास्त खटकतं. बऱ्याच ठिकाणी शोधतच नाहीत. पंपाचा वेग कमी करून, प्रतिध्वनी चाचणी (इको) करून, हृदय स्वतः किती उचलतंय हे ठरावीक काळाने बघावं लागतं. ज्या गटांनी ते नेमाने केलं त्यांनाच सुधारलेली हृदयं सापडली.

---

शंकेखोर

मला अजून एक खुपतंय. रीमॅचनंतर कायमच्या पंपांच्या मोठ्या चाचण्या पंप विरुद्ध पंप. चिठ्ठ्या टाकून औषधांशी केलेली मोठी तुलना २००१ चीच. त्यानंतर औषधं कुठल्या कुठे गेली.

---

उत्तररात्र

बिनतोड मुद्दा. रीमॅचच्या औषधगटाला मिळालेली औषधं गेल्या शतकातली होती. २०१४ आणि २०१९ च्या चाचण्यांनी दोन नवे औषधवर्ग आणले. मात्र त्या औषधांच्या चाचण्यांत सलाइनमधून औषध देऊनच रक्तदाब टिकवावा लागतो असे अगदी शेवटच्या टप्प्यातले रुग्ण जवळपास नव्हते, आणि पंप लागतो तो त्यांनाच. त्या रुग्णाबाबत पंपाची बाजू भक्कम आहे, मला शंका नाही. घरी चालतोफिरतो पण जिना चढला की दमतो, अशा रुग्णाबाबत ती तेवढी भक्कम नाही, आणि उत्साह तिकडेच वाढतोय.

---

अनाहूत_पाहुणा

आणि हृदय काढून पूर्ण यंत्रच बसवायचं? बातम्यांत बघितलं होतं.

---

चक्रपाणी

बायव्हॅकोर. ऑस्ट्रेलियन अभियंता डॅनियल टिम्स यांचं, वडील प्लंबर होते, दोघांनी मिळून सुरुवातीचे नळ्यांचे प्रयोग केले. चुंबकाने तरंगणारा एकच रोटर, एका बाजूची पाती फुप्फुसाकडे रक्त ढकलतात, दुसऱ्या बाजूची शरीराकडे. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनला पहिल्यांदा माणसात बसवलं. नंतर सिडनीतला एक रुग्ण ते घेऊन घरी गेला आणि शंभराहून जास्त दिवसांनी त्याला दात्याचं हृदय मिळालं. अजून प्रत्यारोपणापर्यंतचा पूल एवढीच त्याची परीक्षा झाली आहे.

---

मितभाषी

डॉक, शेवटचा प्रश्न. आम्हाला सुरुवातीला 'उजवी बाजू बघून ठरवू' असं सांगत होते. पंप डावीकडे, मग उजवीकडे काय बघत होते?

---

नाडीपरीक्षा

पंप डावीकडून मिनिटाला चार-पाच लिटर रक्त पुढे ढकलायला लागला की तेवढंच रक्त शरीरातून उजवीकडे परत येतं, आणि ते फुप्फुसातून डावीकडे पोचवायचं काम उजव्या जवनिकेला एकटीने करावं लागतं. तिला मदत करणारं कुणी नसतं. वर पंपाने डावा कप्पा जास्त रिकामा केला तर मधला पडदा डावीकडे ओढला जातो आणि उजवीचं आकुंचन आणखी बिघडतं. मग पंपाला ओढायला रक्तच मिळत नाही, यकृत आणि मूत्रपिंडं तुंबतात. म्हणून आधी उजवीकडचे दाब कॅथेटर घालून मोजतात. कुणाची उजवी बाजू ढासळेल याचे अंदाज बांधणारी सूत्रं बरीच आहेत. एका केंद्रात जुळतात, दुसऱ्यात फसतात. सासऱ्यांच्या पायांवर सूज येऊ लागली किंवा वजन झपाट्याने वाढलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.